मावशीचा पिवळा दगड

पेठकडच्या गावात माझी मावशी राहते. विहीर खोदताना तिला एक दगड सापडला होता, लिंबाएवढा, सोन्यासारखा चमकणारा. कावीळ झालेल्या पोरांना ती तो सहाणेवर उगाळून पाणी द्यायची. पैसे कधी घेतले नाहीत. पिवळा दगड पिवळेपणा ओढून घेतो, अशी तिथे सगळ्यांची समजूत.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात धातू तपासायचं काम करते. सहाणेवरचं ते काळपट पाणी मी पाहिलं आणि मला राहवेना. तपासून आणते म्हणून दगड मागितला, तिने लगेच दिला.

आधी पंचवटीतल्या ओळखीच्या सोनाराकडे गेले. त्याने कसोटीवर घासला, काळी रेघ उमटली. "सोनं नाही ताई," म्हणाला आणि दगड परत सरकवला. पोटात गेला तर काय होईल, हे विचारल्यावर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मग कारखान्यातल्या मशीनवर धरला. लोखंड, गंधक आणि थोडं आर्सेनिक.

रविवारी मी गावी गेले.

"मावशी, यात सोनं नाही."

"सोनं हाय असं मी कधी म्हणले?"

"यात विष आहे. थोडं आहे, पण लहान पोरांना नको."

तिने दगड परत घेतला आणि फडताळात ठेवला. "बरं. नाय देत," म्हणाली. मला वाटलं, झालं काम.

महिनाभराने मावसभावाचा फोन आला. अंगणात माणसं बसलेली असतात म्हणाला, पार सुरगाण्याकडून येतात. दगड नाशकात मशीनवर तपासून आणलाय, एवढंच सगळीकडे पोचलं होतं. मशीनने काय सांगितलं, ते कुणी विचारलंच नव्हतं. मला स्वतःचाच राग आला. तपासलाच नसता तर निदान इतकी गर्दी तरी झाली नसती.

गेले तेव्हा मावशी दगड उगाळतच होती. समोर एक बाई, तिच्या मांडीवर डोळे पिवळे झालेली मुलगी.

"दवाखान्यात दाखवलं का?" मी बाईला विचारलं.

"दाखवलं ना. गोळ्या चालू हायेत. हे पण देते."

मी वाटी उचलली आणि पाणी अंगणात ओतून टाकलं. जणू मी तिच्या लेकीचं औषधच सांडलं होतं, अशी ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा सगळं समजावलं, आर्सेनिक म्हणजे काय तेही. तिने मान डोलावली आणि मावशीला विचारलं, "मग उद्या येऊ का?"

मावशीने दगड पदराला पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा तुझ्याकडं. दारात आलेल्या माणसाला नाय म्हणणं मला जमत नाय."

तो पर्समध्ये टाकून मी निघाले. मावसभाऊ फाट्यापर्यंत सोडायला आला. मोटारसायकल थांबवून सहज म्हणाला, "ताई, विहिरीच्या ढिगाऱ्यात असले अजून लय हायेत. लोकं कालपासून उकरतायत."

बस आली. मी चढले, तिकिटाचे पैसे काढायला पर्समध्ये हात घातला, तर आधी दगडच हाताला आला.