पाठदुखीचा कॅप्टन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, नाहीतर मध्येच ठसका लागून चहा सांडेल आणि बोल मला लावाल. आजवर लोकांनी माझी फजिती केली असेल, नाही असं नाही. पण या खेपेला मला बाहेरच्या कुणाची गरजच लागली नाही. माझी विकेट मीच काढली. आणि तीसुद्धा बेसबॉलमध्ये, जिथे विकेट हा प्रकारच नसतो!

कोल्हारच्या अलीकडे रस्त्याला लागून माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं. गिऱ्हाईक येतं, ‘मक्यावर अळी पडली’ म्हणतं, मी औषधाची बाटली देतो आणि दुकानाच्या पॅडवर प्रमाण लिहून देतो, की पंधरा लिटरच्या पंपाला इतकी झाकणं. तो कागद लक्षात ठेवा. पुढे त्यानेच माझा घात केला.

दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं. अशाच एका दुपारी मी क्रिकेटची समजून भलतीच गेम मोबाईलवर उतरवली. मॅच सुरू झाली तर स्टंपच नाहीत! एकजण दंडुका घेऊन उभा, दुसरा जागेवरून चेंडू फेकतोय, तिसरा चौकोनात पळतोय. चौकशी केली तर म्हणे बेसबॉल. पण खरी गंमत पुढेच. या गेममध्ये आपण खेळायचंच नाही. आपण फक्त संघ बांधायचा. कुणाला घ्यायचं, कुणाला बसवायचं, कुणाला विकून बदल्यात कोण आणायचं, एवढंच ठरवायचं. मॅच आपोआप होते. स्वतः हातपाय न हलवता दुसऱ्यांना कामाला लावायचं! अहो, हा खेळ कुणीतरी मला समोर बसवूनच तयार केला असणार.

मग मी दाजींनाही नादी लावलं; त्यांनीही गेममध्ये आपला संघ बांधला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते त्यांच्या गावच्या सोसायटीचे संचालक. लग्नात माइकवरून हाक येते, ‘संचालक साहेबांनी स्टेजवर यावं.’ दाजी जातात, फेटा बांधून घेतात, आणि त्यांचा नारळ धरायला खाली मी. एका मोसमात पाच लग्नांत मी नारळ धरला! तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. आपणही संचालक व्हायचं, आपल्यालाही माइकवरून हाक यायला हवी.

आणि संधीही आली होती. आमच्या गावच्या दूध संस्थेची निवडणूक लागली होती. जागा नऊ. पॅनेल माझ्या सख्ख्या चुलत्यांचं, अण्णांचं. अण्णा कितीतरी वर्षांचे चेअरमन. त्या नवातली एक जागा माझीच, असं मी धरूनच चाललो होतो. पुतण्याला सोडून ते कुणाला घेणार?

आता माझी संघबांधणी ऐका, कारण त्या बाबतीत मला तोड नाही. आजही सांगतो, नाही.

गेममधल्या खेळाडूंची नावं उच्चारताना माझी जीभ अडखळायची. पण नावं बदलायची सोय होती. मग मी एकेकाचा स्वभाव बघून सगळ्यांना गावातली नावं दिली. एक खेळाडू असा होता की मोठा फटका आयुष्यात नाही, पण रोज चिकटून पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे चौकोनाच्या पहिल्या कोपऱ्यापर्यंत, पोचणार म्हणजे पोचणार. त्याचं नाव ठेवलं कुसुमकाकू. आमच्या गल्लीतल्या कुसुमकाकूंची एकच गाय, पण थंडी असो, पाऊस असो, सकाळ-संध्याकाळ त्यांची किटली संस्थेत हजर. दुसरा एक असा, की मारला तर चेंडू थेट मैदानाबाहेर, नाहीतर महिनाभर शून्य. तो बाळासाहेब. आमच्या बाळासाहेबांचं दूध असंच, एक आठवडा कॅन भरभरून, मग पंधरवडा गायब. चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, एक वयस्कर होता. डोकं तल्लख, पण पाचव्या डावानंतर हात थकायचा. ते आमचे अण्णा.

आणि सगळ्यात महागडा, देखणा, पिळदार दंडाचा जो होता, त्याला माझं नाव दिलं. विलास. कॅप्टनही त्यालाच केलं. आता तो निम्म्या मॅचना पाठ दुखते म्हणून बसून असायचा, ही गोष्ट वेगळी. तिकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. स्वतःचं नाव होतं ना!

माझं सूत्र साधं होतं. जनावरांच्या बाजारात नवखा माणूस टम्म कास बघून गाय घेतो. जाणता विचारतो, आदल्या दिवशी धार काढली होती का? एका दिवसाचं दूध बघायचं नसतं, वर्षाचं बघायचं असतं. खेळाडूचंही तेच. एखाद दिवशी मैदानाबाहेर मारणाऱ्यापेक्षा रोज बेसवर पोचणारा आधी. थकलेल्या पिचरला अब्रूसाठी ताटकळत ठेवायचं नाही, वेळेवर विकायचा आणि बदल्यात दोन तरुण घ्यायचे. या सूत्रावर मी सगळ्यांना पाणी पाजत शेवटच्या सामन्यापर्यंत आलो. तो दाजींशीच होता, रविवारी संध्याकाळी.

गुरुवारी दुपारी मी दुकानाच्या पॅडवर त्या सामन्याची आखणी लिहिली. ती अशी :

‘कुसुमकाकू पहिल्या नंबरला. रोज येतात, बास. बाळासाहेबाला बसवा, भरवसा नाही. अण्णा थकले. शेवटपर्यंत ठेवायचे नाहीत. विकून दोन तरुण घ्या. एकूण नऊ. कॅप्टन विलास. रविवारपर्यंत कुणाला कळता कामा नये.’

तेवढ्यात खुद्द बाळासाहेबच दुकानात आले. मक्यावर अळी. मी बाटली दिली, हाताला लागेल तो कागद पालथा घातला, त्यावर प्रमाण लिहिलं आणि दिला. आता कागदाला मागची बाजू असते, हे काय मला माहीत नव्हतं?

तासाभरात बाळासाहेबांची मोटरसायकल परत आली. बाटली हातात तशीच.

“विलासराव, मी बसवायचा मानूस व्हय?”

“काय झालं?”

“भरवसा न्हाई माझा? आनि अण्णाला इकायला निघालास? सख्ख्या चुलत्याला? त्या पलीकडच्या पॅनेलला?”

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा अंधार बरा होता असं वाटलं.

“अहो, ती बेसबॉलची टीम आहे!”

“कशाची?”

“बेसबॉलची. खेळ आहे तो.”

“आपल्या गावात कबड्डीला सात मानसं गोळा व्हत न्हाईत, आनि तू कुसुमकाकूला घिऊन बेसबॉल खेळतो?”

जागा नऊ, माणसं गावातली, निवडणूक तोंडावर आणि कागदावर माझ्या दुकानाचा शिक्का. मी बाळासाहेबांच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. ते तणतणत गेले. अण्णांचं पॅनेल फोडून पलीकडच्या पॅनेलात जाऊन बसतो, असं जाता जाता बजावून गेले.

संध्याकाळी कुसुमकाकू दुकानात. पदराखाली वाटी, वाटीत शिरा.

“इलास, मला पयल्या नंबरला घेतलंस म्हनं? इतक्या वर्षांत कुनी इचारलं न्हाई रं मला. मी लई रडले बघ.”

आता या बाईला मी सांगू की काकू, तुम्ही मोबाईलमध्ये आहात? माझ्याच्यानं झालं नाही. मी शिरा खाल्ला. चांगला झाला होता.

शुक्रवारी अण्णांचं बोलावणं आलं. अण्णा गोठ्यापुढे खाटेवर बसले होते. तो कागद त्यांच्या मांडीवर होता.

“इल्या, मी थकलो व्हय रं?”

रागावले असते तर मी निभावलं असतं. पण त्यांनी अगदी हळू विचारलं, आणि मला खरंच रडू यायला लागलं. मी मोबाईल काढला आणि सगळी गेम त्यांना दाखवली. अण्णांनी चष्मा लावला.

“ह्यो मी?”

“व्हय.”

“बरा दिसतो. धोतर न्हाई का?”

मी एक सामना लावून दिला. पाच डाव अण्णांनी समोरच्यांची दाणादाण उडवली. खाटेवरचे अण्णा मांडी थोपटत होते. सहाव्या डावात त्यांच्या चेंडूंवर बदाबदा मार पडायला लागला. अण्णांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

“आनि ह्यो बाकावर कोन बसलाय, पयलवान?”

“तो मी. त्याची पाठ दुखतीय.”

“हं,” अण्णा म्हणाले. बाकावरच्या पैलवानाकडे पुन्हा एकदा निरखून बघितलं. मग चष्मा काढून म्हणाले, “रीत बरोबर हाय तुझी. रोज येतो त्यो आधी. पॅनेल असंच करू.”

मंडळी, मी गोठ्यातून बाहेर पडलो तो जमिनीला पाय न लावता! घरी येऊन मंगलला, म्हणजे बायकोला सांगितलं, की आता पॅनेल माझ्या डोक्यानं चालणार, माझा पांढरा सदरा काढून ठेव. ती म्हणाली, “अहो, पन आपलं...” मी म्हटलं, इस्त्री कडक हवी.

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक भरली. अख्खा गाव लोटला होता. अण्णा उभे राहिले आणि त्यांनी आधी स्वतःचंच नाव काढलं. “मी थकलो. माझ्या जागी एखादं तरुन पोरगं घ्या, मी मागून सांगन,” म्हणाले. मंडपात कुजबुज सुरू झाली. मग म्हणाले, “हिथून पुढं एकच रीत. नाव न्हाई, भावकी न्हाई. संस्थेचं रजिस्टर काढायचं. वर्षात ज्याचं दूध जास्ती दिवस आलं, त्यो आधी. ही रीत आपल्या इलासनं काढलीय.”

टाळ्या पडल्या! मी उठून नमस्कार केला. बसताना सदऱ्याला सुरकुती पडू नये म्हणून जपून बसलो.

सचिव वाचायला लागले. कुसुमकाकू, एकही खाडा नाही. पुन्हा टाळ्या. एकेक नाव होत गेलं. आठ झाली. नवव्या जागेला इच्छुकांपैकी बाळासाहेब आणि मी, असे दोघंच उरलो. मी बाळासाहेबांकडे बघून जरा दयेनंच हसलो.

“बाळासाहेब,” सचिवांनी बोट फिरवलं, “वर्षातले तिसऱ्या हिश्श्याएवढे दिवस.”

“आनि इलास?” अण्णांनी विचारलं.

सचिवांनी पान उलटलं. मग मागचं उलटलं. मग चष्मा पुसला.

तेव्हा मला मंगलचं ते ‘अहो, पन आपलं’ आठवलं. आमच्या दोन गायी आहेत. पण संस्था ओढ्याच्या पलीकडे, आणि एका खासगी डेअरीचा टेम्पो थेट आमच्या दारात थांबतो. सकाळी किटली घेऊन कोण जाणार ओढा ओलांडून? मीच ठरवलं होतं, दूध टेम्पोला घालायचं. त्याला वर्ष उलटून गेलं होतं.

“एक बी दिवस न्हाई,” सचिव म्हणाले.

बायकांच्या बाजूनं मंगलचा आवाज आला, “मी म्हनत हुते, निदान सकाळचं तरी संस्थेत घाला!”

बाळासाहेब उभे राहिले. छाती बाहेर. “मी कधीमधी का व्हईना, येतो तरी! ह्यो तर गावातच असून येत न्हाई!”

मंडप हसून हसून कोसळायचा राहिला. मी अण्णांकडे आशेनं बघितलं. पुतण्या ना मी! अण्णांच्या मिशा हलत होत्या.

“हसू नका रं,” ते म्हणाले. “इलासची पाठ दुखतीय. त्याला बसू द्या.”

बाळासाहेब नववे झाले. पॅनेल फुटायचं वाचलं. पलीकडच्यांनी कुसुमकाकूंचं नाव ऐकलं आणि दुपारपर्यंत हात टेकले. त्या माउलीविरुद्ध मत मागायला कोण जाणार? पुढे निवडणूक बिनविरोध झाली. माझी रीत शंभर टक्के यशस्वी ठरली, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो.

त्याच रविवारी संध्याकाळी दाजींशी शेवटचा सामना होता. मी मोबाईल उघडला. कॅप्टन विलास, पिळदार दंड, चेहऱ्यावर रुबाब. या खेपेला पाठ ठणठणीत होती. त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि माझ्याच हातानं त्याला बाकावर बसवलं. त्याच्या जागी बाळासाहेब. शेवटच्या डावात कुसुमकाकू नेहमीसारख्या चिकटून बेसवर पोचल्या, आणि बाळासाहेबांनी, महिन्याभराचा उपवास सोडावा तसा, चेंडू मैदानाबाहेर टोलवून दिला. जिंकलो!

दाजींचा फोन आला. “मेव्हणं, मानलं तुम्हाला! एका दिवसात दोन्हीकडं तुमचा संघ जिंकला की. तुमी सोता कुठल्या जागेवर हुता?”

“तुमचा नारळ धरायच्या,” मी म्हणालो.

आता मी रोज सकाळी किटली घेऊन ओढा ओलांडतो. पुढच्या निवडणुकीपर्यंत एक खाडा होऊ देणार नाही, लिहून घ्या. काट्यापाशी नव्या संचालक कुसुमकाकू उभ्या असतात. माझं दूध मापून घेतात, रजिस्टरात सही करतात, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायेनं विचारतात, “इलास, आज पाठ बरी हाय ना रं?”