आमच्या दारातली उसनी विहीर

लिहायला बसलोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि स्वतःबद्दल लिहावं एवढं माझ्या आयुष्यात काही घडलेलंही नाही. पण दुसऱ्या वर्षाला मराठीच्या बाई म्हणाल्या, "आवडलेल्या आत्मकथनांतलं एकेक पान हातानं उतरवून काढा. मग स्वतःचं लिहा. चांगलं असेल तर वार्षिक अंकात घेऊ." आपलं त्या अंकात यावं, असं मला फार वाटायला लागलं.

ग्रंथालयातून पाच पुस्तकं आणली. उतरवताना हात थांबायचा. एका लेखकानं, आई विहिरीवरून घागर आणायची, एवढंच लिहिलं होतं. पण मला तिच्या डोक्यावरची ओली चुंबळसुद्धा दिसायची. इतक्या साध्या शब्दांत हे कसं होतं? पुन्हा वाचायचो, पुन्हा तसंच दिसायचं.

मग आमच्या घराबद्दल चार पानं लिहिली आणि घरी वाचून दाखवली. दादा, म्हणजे माझे वडील, मिठागरात कामाला आहेत. त्यांनी मधेच विचारलं, "आपल्या दारात विहीर कवा निघाली रं?"

आई म्हणाली, "निघाली असंल तर सांग बाबा. टँकरच्या रांगेत तरी उभी ऱ्हानार न्हाय."

मी शरमलो. आमच्या खाऱ्या जमिनीत गोड्या पाण्याची विहीर कुठली? उतरवता उतरवता दुसऱ्याची विहीर आमच्या दारात आली होती. आईसुद्धा त्या लेखकाचीच आली होती.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मिठागराच्या बांधावर बसलो. दादांनी वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "अजून दोन दिस," म्हणाले. दोन दिवसांनी, भर उन्हात, पाण्यावर पातळ पापुद्रा धरला, वाऱ्यानं सरकला आणि तळाशी पांढरे दाणे दिसू लागले. लहानपणापासून या बांधावर मी त्यांचा डबा घेऊन येतोय, पण हे कधी पाहिलंच नव्हतं. पुस्तकातल्या त्या पानाकडे बघायचो, तसा दादांकडे बघत राहिलो.

तेवढंच लिहिलं. चार पानांचं दीड पान झालं. ते बाईंना दिलं. दीड महिना गेला, विचारायची हिंमत झाली नाही.

कॉलेजच्या अर्जावर दादांचा नंबर होता. एका दुपारी ते बांधावरूनच हाका मारत आले.

"तुझ्या बाईंचा फोन आलता. घेतलंय म्हनाल्या. अंकाचं पयलं पान तुझंच हाय."