राष्ट्रपतीच्या घरातला मंडप

माजी समदी हयात मंडप बांदन्यात गेली. खड्डा खांदायचा, बांबू उबा करायचा, वर कापड तानायचं. लगीन असू दे न्हाय तर पुढाऱ्याची सभा. शाळेत बी मी गेलोय की, पन गॅदरिंगचा मंडप बांदायला. आत बाकावर बसायचा योग काय आला न्हाय. आत्ता बी मी बोलतोय आन पोरगी लिवून घेतीया.

वस्तीत मला समदी जोकर म्हनत्यात. त्येला कारन मीच. शिडीवरनं पडलो तर लोकांनी आदी हसावं आन मंग उचलावं, ही सवय मीच लावलीया. एका लग्नात खुर्चीवर फेटा पडला हुता, मी त्यो कापडाचा तुकडा समजून वर झालरीत बांदून टाकला. नवरदेव बोडका आन फेटा वर वाऱ्यावर. लोक जेवन इसरले, पन त्यो फेटा इसरले न्हाईत.

तरी माज्या बी मनात एक हुतं. एकदा मी बोलावं आन लोकांनी न हसता ऐकावं.

मागल्या जयंतीला आमच्या मंडळानं देखावा ठरवला, राष्ट्रपती भवन. निसतं फुडलं तोंड न्हाय, आतल्या खोल्या बी. लोकांनी एका दारानं शिरायचं, खोल्या बगत दुसऱ्या दारानं भाईर पडायचं. बांबू, प्लायवूड, थर्माकोल, समदं मी उबं केलं. एप्रिलचं सोलापूर, प्लायवूडला हात लावला की चटका बसायचा.

मंडळाचा अध्यक्ष म्हनला, "खोल्या झाल्या, पन कंची खोली कशाची ते लोकास्नी कळनार कसं? माईकवर कुनीतरी इतिहास सांगाय पायजे."

मी हात वर केला. समदी हसली.

"हसू नका," मी म्हनलं. "खोल्या मी बांदल्यात, इतिहास बी मीच सांगनार."

"तुला वाचाय कुटं येतंय?"

"पाट तर करता येतंय की."

घरी बायको म्हनली, "आवो, तुमी निसतं बसा म्हनलं तरी लोक हसत्यात. कशाला माईकच्या नादाला लागताय?"

पन माजा जोडीदार माज्या बाजूनं हुता. जोडीदार म्हंजे ल्हानपनापास्नं एका गल्लीतला. त्यो मॅट्रिक झाला, कचेरीत शिपाई लागला. लाईट बिल, डॉक्टरची चिट्टी, काय बी कागद आला की मी त्येच्याकडं न्यायचो. पोरगी शिकली तरी ती सवय गेली न्हाय. मी त्येला सांगितलं, "मला समदं नीट शिकव. ह्या येळंला मला हसवायचं न्हाय." त्यो म्हनला, "तू फिकीर करू नगंस." फोनवर बगून बगून त्येनं मला एकेक खोली शिकवली.

"ही झोपायची खोली," त्यो म्हनला. "गोरा सायेब हितं झोपायचा. खाट एवढी रुंद, की नवरा ह्या टोकाला आन बायको त्या टोकाला. मदी पोस्टमन ठेवल्याला."

"पोस्टमन?"

"मंग काय. सांजच्याला चिट्टी टाकली की सकाळी उत्तर."

अक्कल असती तर हितंच कळलं असतं. पन मी इचार केला, आमची खाट तर ईतभर, तरी बायकोला रातच्याला काय इचारलं तर उत्तर सकाळीच येतंय. मोट्या लोकांचं असंल की असं.

मंग जेवनाची खोली. "गोऱ्या सायबाला सोलापूरच्या शेंगाचटनीबिगर घास उतरायचा न्हाय. राजधानी तवा कलकत्त्याला हुती. तितं पोचंस्तवर चटनी खवट व्हायची. म्हनून राजधानी दिल्लीला आनली आन ह्यो वाडा बांदला." माजी छाती ही अशी फुगली. आपल्या चटनीनं राजधानी हालवली आन आपल्याला पत्ताच न्हाय.

नाचायच्या खोलीची फरशी म्हनं उतरती केल्याली, मानसं नाचत नाचत आपोआप जेवायला पोचावी म्हनून.

शेवटाला दरबार हॉल. "त्येचं नाव आता बदललंय," जोडीदार म्हनला. "गणतंत्र मंडप म्हनत्यात."

हितं मातर मी हसलो. "लेका, माजी चेष्टा करतुयास व्हय? राष्ट्रपती काय बांबूवर कापड टाकून बसत्यात?"

"खरं हाय गड्या."

"जा तिकडं. मंडप काय असतंय ते मला नगं शिकवू."

तेवढं सोडून बाकी समदं मी पाट केलं.

पयल्या सांजला माईक हातात घेतला. चटनीचं सांगितलं, लोक हसले. मला वाटलं, गावाचं नाव निगालं म्हनून खूश झालेत. पोस्टमनचं सांगितलं, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला वाटलं, लाजल्या. दुसऱ्या सांजला रांग पार सडकंपातूर गेली. नवी पेठंतली मानसं बायकापोरं घिऊन आली. एक म्हनला, "मामा, ती चटनीची खोली परत सांगा की." मी परत सांगितली, जरा लांबवून. अध्यक्षानं खांद्यावर हात टाकला. घरी बायकोनं माज्या सदऱ्याला इस्त्री केली. लग्नापास्नं पयल्यांदा.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरगी कॉलेजातनं आली. ती नर्सिंगला हाय. ताटावर न बसता तिनं फोन माज्याफुडं धरला. फोनात मी हुतो, माईक घिऊन, मान ताट करून. भवतीनं हसनारी तोंडं. आन शूटिंग घेनाऱ्याचा आवाज, "बगा, आमच्या वस्तीचे प्रोफेसर." त्यो आवाज मी झोपंत बी वळकला असता.

"आबा, कॉलेजात समद्यांच्या फोनवर हाय ह्ये," पोरगी म्हनली.

"मंग हसत्यात कशाला? चटनी तर खरी हाय की."

"आबा, चटनी खोटी हाय."

"आन पोस्टमन?"

"पोस्टमन बी."

"फरशी तरी?"

"फरशी लाकडाची हाय. सपाट."

ती एकेक सांगत गेली आन माज्या डोक्यातली एकेक खोली खाली बसत गेली. मंडप बांदायला येळ लागतोय, सोडायला लागत न्हाय.

तसाच च्याच्या गाड्यावर गेलो. जोडीदार तितंच हुता.

"फोनात ते तू काडलंस?"

"मीच."

"चटनी बी तूच रचलीस?"

त्यो हसला. "आरं, गर्दी बगितलीस का न्हाय? तू सरळ इतिहास सांगितला असतास तर कुत्रं फिरकलं नसतं. लोक राष्ट्रपती भवन बगाय येत न्हाईत गड्या, तुला बगाय येत्यात."

"मी तुला आदीच सांगितलं हुतं. ह्या येळंला हसवायचं न्हाय."

"सांगितलं हुतंस."

"मंग?"

त्येनं बशीतला च्या फुकला. "मला वाटलं, ती बी तुजी गंमतच हाय."

जल्मभर मानूस नकला करत फिरला की त्येचं रडनं बी लोक नकल समजत्यात. पन ती लोकं. ह्यो माजा जोडीदार हुता.

माघारी घरी आलो, तवा पोरगीनं फोनवर वाचून मला खरं शिकवलं. सांजला माईकवर गेलो आन पयलंच सांगून टाकलं, "कालपातूर मी जे सांगितलं ते समदं खोटं. मला फसवलं कुनीतरी. आता खरं ऐका." मंग सांगितलं, गोरा सायेब गेल्यावर आपला पयला मानूस तितं ऱ्हायला गेला, तर सायबाची झोपायची खोली बगून म्हनला, एवढी मोटी मला नगं. त्यो बारक्या खोलीत ऱ्हायला आन मोट्या खोल्या पाव्हन्यांस्नी ठेवल्या. मंग सांगितलं, दरबार हॉलात राष्ट्रपतीच्या खुर्चीमागं बुद्धाची लई जुनी मूर्ती हाय. आमच्या बाया तितंच हात जोडून उब्या ऱ्हायल्या. कुनी हसंना. माज्या आवाजाबिगर कायबी ऐकू येत न्हवतं. मला पायजे हुतं ते मिळालं हुतं.

तितंच माईक खाली ठेवला असता तर. पन जोकराला गप बसवतंय व्हय?

म्हनलं, "आन ज्येनं मला फसवलं त्येची हुशारी बगा. म्हनतोय कसा, ह्या दरबार हॉलचं नाव आता मंडप हाय. आवो, जल्मभर मंडप बांदनाऱ्याला ह्यो मंडप शिकवतोय."

फुडं शाळेतली एक बाई पोरास्नी घिऊन उबी हुती. ती हळूच म्हनली, "काका, ते मात्र खरं आहे. नाव बदललंय. गणतंत्र मंडप."

शाळेतलं एक पोरगं फिसकलं, मंग समदा मांडव हसला. ह्या खेपंला मला कुनी शिकवलं न्हवतं. माजं मीच केलं हुतं.

जोडीदार कडंच्या बांबूला टेकून उबा हुता. त्यो तेवढा हसत न्हवता. गर्दी पांगल्यावर जवळ आला. "तेवढं एक खरं सांगितलं हुतं गड्या. तुज्या धंद्याचं हाय म्हनून. म्हनलं, तुला बरं वाटंल."

चटनी खोटी निगाली तवा नाक कापलं गेलं. पन ह्या बोलन्यानं लई आत काय तरी तुटलं. येवड्या वर्सांत त्येनं मला काय काय वाचून सांगितलं. माजी आई आजारी हुती तवा मोट्या डॉक्टरची चिट्टी त्येनंच वाचली आन म्हनला, "काय न्हाय, हुईल बरी." ती काय बरी झाली न्हाय. तवा चिट्टीत तसंच लिवल्यालं, का माजं तोंड बगून त्येनं रचलं? आता इचारलं तर त्यो सांगंल. आन त्यो सांगंल ते खरं कशावरनं?

जयंती झाल्यावर मोहोळला लग्नाचं काम आलं. सुट्टी हुती म्हनून त्यो बी आला, बोलावलं नसताना. यस्टी स्टँडवर दोगं उबे. एक गाडी लागली. त्यो म्हनला, "चल, मोहोळची हाय."

माजा पाय उचलला हुता. त्यो मी परत खाली ठेवला आन शेजारच्या म्हातारीला इचारलं, "मावशी, ही गाडी कुटं जातीया?"

"मला तरी कुटं वाचाय येतंय बाबा," ती म्हनली.

मंग कंडक्टर येईस्तवर मी तितंच थांबलो. लोक चडत ऱ्हायले. जोडीदार माज्याकडं न बगता पाटीकडं बगत उबा हुता. कंडक्टर आला, म्हनला, "मोहोळ." तंवर समद्या शीटा भरल्या हुत्या. मोहोळपातूर आमी दोगं उब्यानं गेलो, एकाच दांडीला धरून.