कोरड्या वाळूतला डोंगा

अर्जदार: मी, आठवडी बाजारात टेबल मांडून बसणारा अर्जनवीस, शिक्षण सातवी, अनुभव अफाट. गैरअर्जदार: माझा साळा, चंद्रपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा. घटनाकाळ: सन १९८४चा उन्हाळा व त्यालगतचा पावसाळा. साक्षीदार: माझी पत्नी, मुलगी शालू, गावचा नावाडी व एक बकरी. अर्ज करण्याचे कारण की, दुसऱ्याच्या मनात चपला न काढता शिरणारा असा इसम चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा झाला नाही.

इसम मजकूर दर उन्हाळ्यात, नदी आटली की वाळू तुडवत पायी आमच्या गावी येई आणि उंबरठा ओलांडण्यापूर्वीच घरातल्या प्रत्येकाच्या स्वभावाचा पंचनामा सुरू करी. बकरीला कोंडा घालण्याआधी तो रोज टिनाचा डबा वाजवी. थोड्याच दिवसांत कोंडा नसतानाही ती आवाजावर धावत येऊ लागली. पुढे बाजारात दंतमंजन विकणाऱ्याने डबा बडवला, तेव्हा सर्वांत आधी तीच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि काही केल्या हलेना. पत्नीच्या स्वयंपाकाची तारीफ तो रोज करत नसे. तारीफ कधी मिळेल याचा नेम नसला की माणूस जास्त झटतो, असे त्याचे शास्त्र. परिणामी पत्नी त्याच्यासाठी झटून रांधी, आणि लग्नापासून रोज 'छान' म्हणत आलेला मी उरलेसुरले खाई. बाजाराच्या दिवशी तो दोघाचौघांना घेऊन माझ्या टेबलापुढे खोटे गिऱ्हाईक म्हणून बसे. माणूस जिथे माणसे दिसतात तिथेच जातो, म्हणे. पाहता पाहता बैलबाजारातली माणसे माझ्याकडे वळत. या सिद्धान्ताबाबत माझी काहीही हरकत नाही.

परंतु मूळ मुद्दा शालूचा. आदल्या पावसाळ्यात भर धारेत डोंगा कलला आणि ती पाण्यात पडली. नावाड्याने वेणीला धरून ओढली म्हणून वाचली. तेव्हापासून ती नदीकडे फिरकेना. अशात नर्सच्या शिक्षणासाठी चंद्रपूरला तिचा नंबर लागला. हजर व्हायचे ऐन पावसाळ्यात, आणि पलीकडच्या एस.टी.पर्यंत तेव्हा डोंग्यावाचून वाट नाही. मी म्हणालो, उचलून बसवू. साळ्याने मला बाजूला घेतले.

"भाऊजी, ढकलून बसवाल तर नदीचं भेव राहीनच, वरून तुमचं बी लागन."

मग त्याचा प्रयोग सुरू झाला. डोंगा कोरड्या वाळूत पडलेला होता. प्रथम आम्ही लांब बसून त्याच्याकडे पाहत रानातली पिकली टेंभरं खाल्ली. पुढे जवळ सरकलो. नंतर शालूने त्याला हात लावला, आणि एके दिवशी सारे कुटुंब डोंग्यात बसून भात-वरण जेवले. काठावरून कोणी विचारले, "काऊन हो अर्जनवीस, वाळूत डोंगा चालवून राह्यले का?" माझ्या प्रतिष्ठेस तो मोठाच धक्का होता, तरी मी वाढून घेतले. पहिला पाऊस पडून गेल्यावर डोंगा गुडघाभर पाण्यात बांधला गेला. शालू आत, आणि साळा काठावर दोर धरून सांगे, "श्वास हळू घे. नजर पलीकडच्या झाडावर ठेव."

जायच्या दिवशी नदी दुथडी भरलेली. शालू कोणाचा हात न धरता डोंग्यात चढली. मागोमाग मी, आणि तिला पोहोचवायला निघालेला साळा. धारेच्या मध्यावर डोंगा डुलला. मी शालूकडे पाहिले, ती शांत होती. साळ्याकडे पाहिले, तर त्याचे ओठ पांढरे पडलेले आणि दोन्ही हातांनी काठ घट्ट धरलेला. तेव्हा ध्यानात आले की हा मनुष्य भरल्या नदीत डोंग्यात आजवर कधी बसलेलाच नव्हता. शालूने त्याच्या हातावर हात ठेवला.

"मामा, श्वास हळू घ्या. त्या झाडाकडं पाहा."

नावाडी असा हसला की वल्हे थांबले. आम्ही पार झालो. शालूने आधी स्वतः काठावर उडी मारली, मग मामाला उतरवले. एस.टी.त चढताना तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाऊजी, हे बी ठरवलेलंच होतं. दुसऱ्याले धीर देला का आपलं भेव जाते."

शालू आज शिकून दूरच्या दवाखान्यात नर्स आहे. साळ्याची बदली झाल्यापासून त्याचे येणे खुंटले. संध्याकाळी भांडे वाजले की बकरी अजून दाराशी येते, आत डोकावते आणि परत जाते.

तरी नम्र विनंती की, गैरअर्जदाराने दोन बाबींचा लेखी खुलासा करावा. एक, त्या दिवशीचे भेव खरे होते की ठरवलेले. दोन, नदीची सवय जशी हळूहळू लावली, तशी रिकाम्या घराची लावण्याची काही रीत शास्त्रात आहे काय. नसल्यास, नदी आटताच समक्ष हजर व्हावे.