अर्धा किलो हिरवी मिरची

दूध उतू जाऊन पातेलं करपलं आणि मी बाहेर सोफ्यावर झोपले होते, इतकंच झालं. पण शारजात अल नहदाला आम्ही टॉवरमध्ये राहतो. धुराचा अलार्म वाजला, वॉचमन धावत वर आला आणि संध्याकाळी मुलानं सांगून टाकलं, "अम्मी, आता शेगडीला हात लावायचा नाही. स्वयंपाकाला बाई ठेवू."

मुलगा आणि सून दोघं सकाळीच दुबईला कामावर जातात. दिवसभर घरात मी एकटी. त्यांची भीती खोटी नव्हती. पण कोकणातून इथं आल्यापासून या घरातली शेगडी माझ्याकडे आहे. ती गेली की मग मी नुसती बसवून ठेवलेली म्हातारी. ते मला नको होतं.

त्याच दिवसांत नातीनं बाहेरून बुरिटो मागवला. नात इथंच जन्मली, आता कॉलेजात जाते. बुरिटो म्हणजे पोळीची गुंडाळी, आत हिरव्या मिरचीत शिजवलेलं बीफ. मी एक घास खाऊन बघितला. मांस चिवट, पोळी रबरासारखी.

"ह्यापेक्षा चांगला मी करेन."

"दादी, यू कान्ट. इट्स मेक्सिकन."

"का? तिकडे काय गॅस वेगळा असतो?"

मुलाला मी म्हटलं, बाई ठेवण्याआधी एका जुम्म्याचं जेवण मला करू दे. बिघडलं तर खुशाल ठेव, मी तोंड उघडणार नाही.

"तू तोंड उघडणार नाहीस?" तो हसला. "हे मला बघायचंच आहे."

नातीनं फोनवर व्हिडिओ लावून दिला. त्यातली बाई इंग्रजी बोलत होती, मी तिचे हात बघत होते. प्रमाण नातीनं सांगितलं. एक किलो मांसाला अर्धा किलो हिरवी मिरची. जास्त वाटली, पण म्हटलं त्यांच्याकडे खात असतील. खालच्या दुकानातून आपली नेहमीची बारीक मिरची आणवली आणि शुक्रवारी ती सगळी तव्यावर भाजायला टाकली.

पुढं काय झालं ते ज्यानं मिरची भाजली आहे त्याला सांगायला नको. सून खोकत बाहेर पळाली. नात खिडक्या उघडत सुटली. समोरच्या फ्लॅटमधली केरळी बाई बेल वाजवून विचारायला लागली, "आंटी, सब ठीक है ना?" तरी मी शिजवून वाढलं. मुलानं एक घास घेतला, उठला आणि लबनची अख्खी बाटली तोंडाला लावली. ताकच ते, पण त्यानंही आग थांबेना.

"खलास, अम्मी," तो डोळे पुसत म्हणाला. "रविवारी बाई बोलावतो."

शब्द दिला होता, म्हणून संध्याकाळी मगरिबच्या नमाजपर्यंत मी गप्प बसले. मग म्हटलं, "अजून एक जुम्मा दे."

"अम्मी!"

"द्या हो," सून म्हणाली. "बाईला त्याच्या पुढच्या रविवारी बोलावू. एवढं खोकलो, आणखी एकदा खोकू."

मी तो व्हिडिओ परत परत लावायला सांगितला. एक गोष्ट मला पटत नव्हती.

"गो बाय, ही बाई खोकत कशी नाही?"

नात हसायला लागली. मग तिनं चित्र मोठं करून दाखवलं. मिरची वीतभर लांब, चांगली जाड. म्हणजे आपल्या भज्यांच्या मिरचीच्या जातीची. ती अर्धा किलो घातली तर भाजीच होते. आपली घातली तर वॉचमन येतो.

पुढच्या शुक्रवारी मी शेगडीजवळ खुर्ची मांडली. गॅस बंद होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं. जाड मिरच्या भरताच्या वांग्यासारख्या जाळावर भाजल्या, झाकून ठेवल्या, सालं काढली. धुतल्या नाहीत, धुतलं की भाजल्याची चव जाते. मांस थोडं थोडं करून तेलात लाल केलं. कांदा, लसूण, जिरं घातलं. जाड मिरचीला चव होती पण जोर नव्हता, म्हणून आपल्या दोन-चार बारीक टाकल्या. मंद आचेवर ठेवलं ते मुलगा नमाज पढून घरी येईपर्यंत. पोळ्यांना व्हिडिओतली बाई साधं पाणी घेत होती. मी तिचं ऐकलं नाही. तांदळाच्या भाकरीला काढतो तशी मैद्याची उकड काढली, हात भाजत मळली. दुमडल्या तरी पोळ्या तडकल्या नाहीत.

मुलगा लबनची बाटली शेजारी घेऊनच बसला. ती उघडली नाही. दुसरा बुरिटो अर्धा झाल्यावर त्यानं विचारलं, "गॅस बंद केलास ना?"

"जाऊन बघ."

तो खरंच जाऊन बघून आला, आणि तिसरा घेतला.

"नॉट बॅड, दादी," नात म्हणाली. तिच्या ताटात काही उरलं नव्हतं.

रविवारी बाई आली, ठरल्याप्रमाणे. तिला नको म्हणून कुणी कळवलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "क्या बनाना है?"

मी मुलाकडे बघितलं. तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

"अम्मी से पूछो," तो म्हणाला.

मी तिच्यापुढे कांदे ठेवले आणि शेगडी पेटवली.