गादी दाखवा!

सोफे आणि गाद्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. बायको म्हणे, ताई म्हणे, गिऱ्हाइकं पाठीमागे म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे, कारण हे नाव त्यानं घसा फोडून कमावलेलं होतं. आठवडाभर ओठांत खिळे धरून मुकाट हातोडी चालवणारा हा माणूस रविवारी फुटबॉलच्या मैदानात पाऊल ठेवायचा आणि असा काही गर्जायचा की समोरच्या स्टँडमधली तान्ही पोरं दचकून रडायला लागत. पिवळ्यांचा भक्त, तोही जन्मापासून. बापानं त्याला चालायच्या आधी ऑफसाइड शिकवला होता, असं ताई सांगायची, आणि ताई थापा मारत नसे.

थापा मारत नसे, पण दगा मात्र तिनंच दिला होता. मैदान एक आणि क्लब दोन, पूर्वेचा स्टँड पिवळ्यांचा, पश्चिमेचा जांभळ्यांचा, आणि ताईनं लग्न केलं ते थेट एका जांभळ्याशी. लग्नानंतरच्या पहिल्याच सामन्याला ती जांभळा मफलर गुंडाळून पश्चिमेला जाऊन बसली. भोंग्यानं अबोला धरला. शेवटी भाऊजीच दुकानात आले, अर्धवट सोललेल्या सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "हे बघ, मी तुमची ताई नेली, तू बदल्यात आमचा गोलकीपर ने. नाहीतरी त्याला काही अडवता येत नाही." भोंग्याच्या तोंडातले खिळे हसताना जमिनीवर सांडले. तेव्हापासून दोघांची मैत्री जमली. मैत्री म्हणजे काय, तर भेटले की भांडायचे. भाऊजी गेल्या वर्षी झोपेतच गेले. तेव्हापासून आपल्याला मनासारखं भांडायला कुणी उरलं नाही, हे भोंगा कुणाजवळ बोलला नव्हता.

आणि नेमकी अशा वेळी ती बातमी आली. जांभळ्यांनी म्हणे नियम मोडले! क्लबनं जेवढं कमवावं तेवढंच खेळाडूंवर उधळावं, मालकानं आपल्या खिशातून गुपचूप ओतू नये, असा लीगचा नियम. आणि आरोप असा की मालकानं ओतलं, पण मागच्या दारानं. स्वतःच्याच एका गादीच्या कंपनीला पुढे करून तिच्या नावानं जाहिरातीचे पैसे क्लबला दिले. गेली काही वर्षं जांभळ्यांच्या छातीवर त्या कंपनीचं घोरणारं अस्वल छापलेलं होतं ते याच पैशांपायी. लीगची चौकशी बसली. आरोप शाबीत झाला तर तीन वर्षांपूर्वीची ट्रॉफी काढून घेणार, आणि त्या वर्षी दुसरे कोण आले होते? पिवळे!

भोंग्याच्या दुकानात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांच्या सोफ्यांवर आपलं बूड टेकून पिवळ्यांची पंचायत भरायची ती जागा. बस चालवणारा ड्रायव्हर स्प्रिंगा बाहेर आलेल्या खुर्चीत नेहमीप्रमाणे कळवळत बसला होता आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली औषधवाली कापसाच्या पोत्यावर मांडी घालून.

"ट्रॉफी आपली!" ड्रायव्हर म्हणाला. "मी बस सजवायला घेतो."

"पोस्टानं आलेली ट्रॉफी काय कामाची?" औषधवाली म्हणाली. "गोल मारून मिळवली तर मजा. ही म्हणजे शेजाऱ्याचं लग्न मोडलं म्हणून आपण पेढे वाटायचे."

"वाटायचेच! चोरानं चोरलेलं परत घ्यायला लाज कसली?"

"आधी चोरी शाबीत तर होऊ दे. जाहिरात दिली, हा काही गुन्हा नाही. कंपनी खरी असेल तर?"

इथं भोंग्यानं ओठांतले खिळे काढले. खिळे काढले की सगळे गप्प व्हायचे, कारण पुढे काय येणार ते माहीत असायचं.

"खरी?" तो म्हणाला. "उभा जन्म गाद्या उसवण्यात गेला माझा. कापसाच्या, काथ्याच्या, फोमच्या, ढेकणांच्या. या गावातली एक पाठ अशी नाही जिच्याखालचा खड्डा मी बुजवला नाही. आणि आजतागायत, अगदी आजतागायत, घोरणाऱ्या अस्वलाची एक गादी या दुकानात आलेली नाही! अरे, गाद्या करतात तर गाद्या आहेत कुठे? गादी दाखवा! एक तरी गादी दाखवा!"

औषधवालीनं हे फोनवर टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या पिवळ्यांच्या फोनवर होतं आणि त्या रविवारी, समोर भलताच कुठला तरी क्लब खेळत असताना, पूर्वेचा अख्खा स्टँड उभा राहून ताल धरून ओरडत होता: "गादी दाखवा! गादी दाखवा!"

भोंग्याचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. लोक रस्त्यात थांबवून त्याच्याबरोबर फोटो काढू लागले. केस कापायला गेला तर न्हाव्यानं पैसे घेतले नाहीत. पेपरात नाव आलं, आणि चक्क बायकोनं ते कापून फ्रिजवर लावलं. जी बायको फुटबॉलला "बावीस जणांत एक चेंडू, विकत घ्या की आणखी" म्हणायची, ती! आयुष्यभर दुसऱ्यांनी रचलेल्या घोषणा देणाऱ्याची स्वतःची घोषणा हजारो लोकांच्या तोंडी बसली होती. आणि आता पिवळे विरुद्ध जांभळे हा सामना तोंडावर आला होता. त्या दिवशी भोंग्यानं समोर उभं राहून कर्णा हातात घ्यायचा, असं ठरलं. स्वप्नात तो रोज घ्यायचा.

सामन्याच्या दोन दिवस आधी दुकानासमोर एक टेम्पो थांबला. त्यातून आधी ताई उतरली, मग एक भलीमोठी, गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेली गादी.

"पाठ धरते रे," ताई म्हणाली. "खोळ बदल आणि जरा भर घाल."

भोंग्यानं गादी पाटावर उलगडली, पालथी घातली आणि बोलता बोलता कटरनं एका फटक्यात कोपऱ्यावरचं लेबल उडवलं. ही त्याची जुनी सवय. आपली खोळ चढणार त्या गादीवर दुसऱ्याचं नाव कशाला? लेबल न बघता मागच्या डब्यात फेकायचं, मग कामाला लागायचं.

"अरे थांब, थांब!" ताई ओरडली. "पुरावा नष्ट केलास!"

"कसला पुरावा?"

ताईनं डब्यात हात घालून लेबल काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. जांभळ्या कापडावर एक अस्वल, पोटावर पंजे ठेवून, ढाराढूर घोरत होतं.

भोंग्याची बोबडी वळली. "हे... हे कुठनं..."

"तुझ्या भाऊजींनी घेतली होती. अस्वल छातीवर आलं त्याच महिन्यात. म्हणाले, क्लबला हातभार. काय गादी होती रे! पहिल्या रात्रीपासून दोघांच्या पाठीचा भुगा. पण कबूल करतील तर शपथ! सकाळी वाकडे होऊन उठायचे आणि म्हणायचे, वा, काय झोप लागली."

भोंग्याला हसू आवरेना. मग एक भयंकर शंका येऊन त्यानं लेबलांचा डबाच पालथा केला. रंगीबेरंगी चिंध्यांच्या ढिगात आणखी चार अस्वलं गाढ झोपलेली निघाली. म्हणजे गाद्या आल्या होत्या. त्यानंच उसवल्या होत्या, भरल्या होत्या, शिवल्या होत्या, आणि एकदाही लेबल बघितलं नव्हतं.

"मेलो," भोंगा म्हणाला.

"हे बघ," ताई खुर्चीत बसत म्हणाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आता आवाज जरा खाली आला. "क्लबनं लबाडी केली असेल तर भोगू दे. मी काही त्यांची वकील नाही. गाद्या खऱ्या म्हणून हिशोब खरा, असंही नाही. पण गादी आहे रे. तुम्ही सगळे मिळून ओरडता, नाही म्हणून, आणि मी घरी जाऊन तिच्यावरच झोपते. तुझ्या भाऊजींच्या बाजूला खड्डा आहे, त्यात हात ठेवून झोपते. तेव्हा असं वाटतं, की हे लोक त्यांनाच नाही म्हणतायत."

भोंगा सांडलेल्या चिंध्या मुठीमुठीनं डब्यात भरू लागला.

"तू म्हणशील तर घरी नेते," ताई म्हणाली. "कुणाला दाखवणार नाही. इतक्या वर्षांनी तुझं कुठं नाव झालंय, ते मी नाही घालवायची. तू ठरव."

ती गेली. शनिवारभर भोंगा त्या गादीशी झुंजला. ठरवायचं काय, ते त्याला पक्कं कळलं होतं. लेबल डब्यात राहिलं तर रविवारी कर्णा आपला, स्टँड आपला, नाव आपलं. लेबल गादीवर गेलं तर उद्यापासून न्हावी दुप्पट पैसे घेणार. शिवाय मनातल्या मनात भाऊजी भांडायला येऊन बसले होते. "काय रे, आम्ही हिशोब लपवला म्हणून बोंबलतोस, आणि तू काय लपवतोयस?" भोंगा त्यांना तोंडात येईल ते बोलला, बायकोला वाटलं गिऱ्हाईक आलंय. त्यानं नवी खोळ शिवली. ताईच्या बाजूला भर घातली, दुसरी बाजू होती तशी ठेवली. आणि शेवटी वाकडी सुई घेऊन, लहानसहान नाही, चांगल्या जाड पिवळ्या दोऱ्यानं अस्वल गादीच्या बरोबर मधोमध शिवून टाकलं. शिवता शिवता त्याला इतकं हसू येऊ लागलं की टाके वाकडे पडले.

रविवारी पिवळा शर्ट घातलेला एक इसम डोक्यावर गादी घेऊन पश्चिमेच्या दाराबाहेरच्या जांभळ्या गर्दीत शिरला. मागचं टोक ताईनं धरलं होतं.

"ए पिवळ्या, वाट चुकलास का?" कुणीतरी ओरडलं. चारदोन जण अंगावर आले. तेवढ्यात एकाला अस्वल दिसलं. मग ते ज्यानं त्यानं एकमेकांना दाखवलं आणि भोंग्याला काही कळायच्या आत जांभळ्यांनी गादीसकट त्यालाच खांद्यावर घेतलं. दारावरच्या पहारेकऱ्यानं आडवा हात घातला, बंदी असलेल्या वस्तूंची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली. बाटल्या होत्या, फटाके होते, छत्र्या होत्या, पण गादी काही त्याला सापडली नाही.

"जा," तो हताशपणे म्हणाला.

पलीकडे पूर्वेच्या स्टँडमध्ये मात्र आपला भोंगा बेपत्ता म्हणून तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी ड्रायव्हरनं कर्णा उचलला आणि सुरुवात केली. अख्खा स्टँड उठला. "गादी दाखवा! गादी दाखवा!" मैदान दणाणून गेलं.

आणि समोरून गादी वर आली.

हजारो हातांवर डुलत, हेलकावे खात, मधोमध अस्वल घोरत असलेली ती गादी पश्चिमेच्या स्टँडवरून अशी फिरू लागली की खेळाडूसुद्धा सराव सोडून बघत राहिले. पूर्वेकडे चिडीचूप. त्या शांततेत कर्णा चालूच राहिल्यामुळे ड्रायव्हरचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू आला: "अरे, गादीच्या कोपऱ्याखाली तो पिवळा... हा तर आपला भोंगा!"

आधी जांभळे हसले, मग पिवळे, मग रेफ्रीसुद्धा. भोंग्याची घोषणा त्यानं स्वतःच्याच हातानं मारली होती. तेवढ्यात औषधवालीनं ड्रायव्हरच्या हातून कर्णा हिसकावला. "गादी बघितली! हिशोब दाखवा!" पूर्वेचा स्टँड नव्या दमानं पेटला. च्यायला, ही तर आपल्या घोषणेपेक्षा भारी, असं भोंग्याच्या मनात आलं आणि साथ द्यायला त्याचे ओठ शिवशिवले. पण भोवताली सगळे जांभळे. त्यानं हाताची घडी घातली.

ताईनं त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"इथं कुणी येईल ना?"

"कोण येणार? त्यांची आहे," ताई म्हणाली. "यंदाही दोन पास काढले. कुणी परकं शेजारी बसलेलं नको वाटलं."

भोंगा खुर्चीच्या अगदी कडेला बसला, अंग चोरून. पहिला गोल जांभळ्यांनी मारला. सगळे नाचले, ताई नाचली, तो दात आवळून बसून राहिला. मग शेवटी शेवटी पिवळ्यांचा तो बुटका खेळाडू तिघांच्या पायांतून चेंडू काढत घुसला आणि जाळं हाललं. भोंगा कसला बसतोय! ताडकन उठला, दोन्ही हात वर, आणि "गो..." एवढंच तोंडातून बाहेर पडलं. भोवतालचे सगळे चेहरे त्याच्याकडे वळले होते. "चुकलं," असं पुटपुटत तो खाली बसू लागला.

ताईनं त्याची बाही धरली. खाली ओढायला नव्हे, वर उचलायला.

"ओरड भोंग्या," ती म्हणाली. "वर्ष झालं, या खुर्चीतून आवाजच आला नाही रे."