धोक्याची चौकट

अंकुश रामटेकेला काय दुखतं विचाराल तर तो मान सांगेल, पाठ सांगेल, फारच खोदून विचारलं तर डोळेही सांगेल. पण त्याचं खरं दुखणं मला ठाऊक आहे. गेली कित्येक वर्षं लोक त्याला एकच प्रश्न विचारत आले आहेत. "अंकुश, कम्प्युटर काहीतरी विचारून राहिला गा. हो म्हणू का नाही म्हणू?"

पूर्वी सक्करदऱ्याला त्याचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि दुकान बसलं. आता तो स्कूटरला बॅग अडकवून घरोघर फिरतो. त्याची बहुतेक गिऱ्हाइकं आमच्या मनीषनगरातली, म्हणजे निवृत्त झालेली, गुडघे धरून बसणारी आणि मुलं पुण्या-बंगळुरात असलेली. मुलांनी जाताना टेबलावर एक जुना कम्प्युटर ठेवलेला असतो, म्हातारा-म्हातारीचा वेळ जावा म्हणून. वेळ जातो, पण तो अंकुशचा.

मीही त्याच गिऱ्हाइकांतला. त्यामुळे बोलतो ते अनुभवाने बोलतो. ही मुलं फोनवर दोन मिनिटांत उरकतात आणि व्हिडिओ मात्र भारंभार पाठवतात. समुद्र पाठवतात, बर्फ पाठवतात, नव्या घराचं स्वयंपाकघर पाठवतात. आपण उघडायला जावं तर पडद्यावर मध्येच एक चौकट येते. ही फाइल बाहेरून आली आहे, हिच्यापासून धोका असू शकतो, नक्की उघडायची आहे का? आता पोटच्या पोराने पाठवलेली वस्तू, तिच्यात धोका कसला? पण यंत्राला पोरगं कळत नाही आणि आपल्याला यंत्र कळत नाही. मग अंकुशला फोन.

आमच्या शेजारचे गणपतराव हटवार तर कोणत्याही चौकटीला हो म्हणायचे. "एवढ्या अदबीनं विचारून राहिला तो, नाही कसं म्हणू?" एकदा भजनाचा व्हिडिओ समजून त्यांनी भलतंच काही उघडलं आणि कम्प्युटरमधलं होतं नव्हतं ते सगळं धुऊन निघालं. अंकुशने डोक्याला हात लावला. त्याने त्यांना समोर बसवून नीट समजावलं, की फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, बघत जा, व्हिडिओच्या नावामागे कम्प्युटरात काही बसवणारी फाइल लपलेली असते. गणपतरावांनी कानाला असा खडा लावला की पुढे सख्ख्या पुतण्याच्या लग्नाचं शूटिंगसुद्धा त्यांनी उघडलं नाही. पुतण्या वर्षभर रुसून बसला, आणि त्यातही बोल अंकुशलाच लागला. अशा माणसाने थकायचं नाही तर काय करायचं?

त्याची कामाची एक रीत आहे. ज्या फाइलवर चौकट येते ती तो आधी तपासतो आणि मग स्वतः थोडी चालवून बघतो, आवाज बंद ठेवून, थोडी सुरुवातीची, थोडी मधली, थोडी शेवटची. त्यामुळे होतं काय, की घरच्यांच्या आधी घरची बातमी त्याला कळते. कुणाच्या सुनेने केस कापले, कुणाच्या मुलाने गोऱ्या मुलीशी लग्न केलं, सगळं तो बघतो आणि ताकास तूर लागू देत नाही. चांगली चालते म्हणतो, माउस त्यांच्या हातात देतो आणि चहा पितो.

पुढची गोष्ट त्याने मला रेल्वे फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर सांगितली. कधी कुणाचं बोलत नाही तो, पण त्या दिवशी बोलला. ती शोभाताई वैरागडेंची आहे.

शोभाताई आमच्याच गल्लीत, शेवटच्या घरात एकट्या राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा सौरव बंगळुरात. सौरव इंजिनीअरिंगला होता तेव्हा त्याचा पहिला कम्प्युटर अंकुशनेच जोडून दिला होता, म्हणून अंकुश त्या घरात नुसता मेकॅनिक नाही. यंदाच्या उन्हाळ्यात सौरवला मुलगी झाली. बाळंतपण सुनेच्या, रितिकाच्या माहेरी पुण्याला झालं. डॉक्टरांनी बाळाला प्रवास नको म्हटलं, शोभाताईंचा पाय मुरगळलेला, तेव्हा त्यांनाही जाता आलं नाही. सौरव म्हणाला, "आई, काही काळजी करू नको. बारसं दिवाळीत तुझ्याच घरी करू. नाव तूच ठेव."

झालं! शोभाताईंचा मुरगळलेला पाय एका दिवसात बरा झाला. त्यांनी माळ्यावरचा सौरवचा पाळणा काढला, सुताराला बोलावून त्याला पॉलिश मारून घेतलं. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. गल्लीत एक घर सोडलं नाही, सगळ्यांना तोंडी आमंत्रण. अंकुश प्रिंटर बघायला गेला होता तेव्हा त्यालाही दुपटी दाखवून झाली. "तू बी यायचं बाबू, बायकोले घेऊन. नुसतं तोंड दाखवून पळायचं नाही, जेवून जायचं." नाव काय ठेवणार विचारलं तर ओठ मिटून हसल्या.

मग ऑक्टोबरात, ऊन मी म्हणत असताना, त्यांचा अंकुशला फोन आला. सौरवने फोटो पाठवलेत, त्यात एक व्हिडिओ आहे आणि त्याच्यावर चौकट येते, येऊन बघून जा.

अंकुश सकाळपासून तीन घरं करून आला होता. सगळीकडे तोच प्रश्न. शोभाताईंनी दार उघडलं, पंखा लावला आणि "बस, चहा टाकते" म्हणून आत गेल्या. खोलीच्या कोपऱ्यात पाळणा होता, त्यावर चादर टाकलेली. अंकुशने खुर्ची ओढली आणि कम्प्युटर लावला.

मेलवर आलेला फोटोंचा एक गठ्ठा होता. फोटो सरळ उघडत होते. सगळ्यात शेवटी एक व्हिडिओ, नाव वगैरे काही नाही, नुसते कॅमेऱ्याने दिलेले आकडे. उघडायला गेलं की ती चौकट. अंकुशने शेपूट बघितलं, ठीक होतं. व्हायरस तपासला, काही नव्हतं. फाइल इंटरनेटवरून आली एवढाच तिचा गुन्हा. असल्या फाइलवर उजवं क्लिक करून गुणधर्मांत जायचं, खाली अनब्लॉक असं लिहिलेलं असतं तिथे टिक करायची, की चौकट कायमची जाते. अर्ध्या मिनिटाचं काम. पण रीत ती रीत. त्याने आवाज बंद केला आणि व्हिडिओ लावला.

मोठा हॉल होता. झेंडूच्या माळा, फुगे. मधोमध सजवलेला पाळणा. सौरव नव्या कुर्त्यात. रितिकाची आई बाळाला पाळण्यात ठेवत होती आणि भोवती बायका टाळ्या वाजवत होत्या. मागच्या फळीवर मोठ्या सोनेरी अक्षरांत बाळाचं नाव लावलेलं होतं, नायरा. अंकुशने व्हिडिओ पुढे सरकवला. माणसं जेवत होती. पंगत नाही, हातात ताटं घेऊन उभ्याने, पण शंभराच्या वर माणसं असतील.

बारसं होऊन गेलं होतं. शोभाताईंना कुणी बोलावलं नव्हतं, कळवलंही नव्हतं. आणि या गाढव सौरवने फोटो पाठवताना आत काय आहे ते न बघता सगळा गठ्ठा आईला पाठवून दिला होता.

मला सौरवचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. कार्यक्रम सासरी करायचा होता तर करायचा होता, कुणी फाशी देणार नव्हतं. पण आईला पाळणा पॉलिश करायला लावून तिकडे गुपचूप नाव ठेवायचं, हे मला समजत नाही. अंकुशला राग नाही आला. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आतून कपबशांचा आवाज येत होता. आत्ता बाई बाहेर येतील, खुर्चीवर बसतील आणि बघतील.

त्याच्या धंद्यात चांगल्या मशीनला खराब सांगणारे पुष्कळ आहेत. अंकुशने तसं कधी केलं नाही. तेवढी एकच गोष्ट तो अभिमानाने सांगतो. त्या दिवशी त्याने व्हिडिओ बंद केला आणि शोभाताई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "काकू, हे फाइल खराब आहे. व्हायरस आहे याच्यात. डिलीट करून टाकतो."

"नको करू."

"काकू, कम्प्युटर बसून जाईल पुरा. चौकट काहून आली मंग? धोका आहे म्हणूनच आली ना."

"काही नाही होत कम्प्युटरले." शोभाताईंनी चहा टेबलावर ठेवला. "रविवारपासून पाहून राहिली मी. चांगला चालते."

अंकुशने माउस सोडला. "मंग मले कायले बोलावलं, काकू?"

"दर खेपेले विचारते ना तो. उघडायची का नक्की? मी हो म्हणते. पुन्हा लावलं का पुन्हा विचारते, नक्की का? दिवसातून कितीदा सांगू त्याले नक्की म्हणून? थकली मी बाबू. व्हिडिओ ठीक आहे. तू त्याचं ते विचारणं तेवढं बंद करून दे."

अंकुशने उजवं क्लिक केलं, टिक केली. शोभाताईंनी खुर्ची पुढे घेतली आणि स्वतःच व्हिडिओ लावला. चौकट आली नाही. त्यांनी आवाज वाढवला. टाळ्या, हसणं, पाळण्याचं गाणं, सगळं खोलीत घुमायला लागलं. ज्या जागी रितिकाची आई बाळाला पाळण्यात ठेवते तिथे त्यांनी व्हिडिओ थांबवला आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघितलं.

"पाह्य, झोपेत हसून राहिली पोट्टी. मोबाइलवर इतकी बारीक दिसते का समजतच नाही."

अंकुशने चहा कसाबसा संपवला आणि बॅग उचलली. तो दाराशी पोचला तेव्हा शोभाताईंनी त्याला हाक मारली. पडद्यावरची नजर मात्र काढली नाही.

"सौरवचा फोन आला तर बोलू नको बाबू, मी हे पाह्यलं म्हणून. त्याले समजलं तर पुढच्या खेपेले पाहून पाहून पाठवन तो. मंग मले काहीच दिसणार नाही."